रॉझवेलच्या गोष्टीत मृतदेह कधी आले?

रीलमधल्या रॉझवेलमध्ये कोसळलेली तबकडी असते आणि परग्रहवासीयांचे मृतदेहही. कोडमधली कुठली ओळ कधी शिरली हे तपासायची मला सवय आहे. तसंच या गोष्टीतल्या प्रत्येक तपशिलापुढे मी तारीख लिहीत गेलो.

८ जुलै १९४७. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलच्या हवाई तळाने ‘उडती तबकडी’ मिळाल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी वरिष्ठांनी तो हवामानाचा फुगा असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत रबराच्या पट्ट्या, चंदेरी वर्ख, चिवट कागद आणि काड्या आहेत; मृतदेह नाहीत. मग तीसेक वर्षं शांतता. १९७८मध्ये एका निवृत्त अधिकाऱ्याची मुलाखत झाली, १९८०मध्ये पुस्तक आलं आणि त्यात मृतदेह आले. १९९५मध्ये शवविच्छेदनाची फिल्म आली. ती आपण नव्याने चित्रित केली होती, हे ती विकणाऱ्याने २००६मध्ये कबूल केलं.

लपवाछपवी मात्र खरी होती. हवाई दलाच्या १९९४च्या अहवालानुसार ते अवशेष बहुधा ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाच्या फुग्यांचे होते. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंचावरून टिपण्यासाठी ते सोडले जात. सरकार काहीतरी दडवतंय, हा लोकांचा संशय बरोबर होता. काय दडवतंय, याचं उत्तर मात्र त्यांनी स्वतःच भरलं.