ऊसतोड कुटुंबे, पालकत्व आणि शाळा : धाराशिव जिल्ह्यातील एक प्रकरण

दसरा-दिवाळीच्या सुमारास धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून जी कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सामान्यतः दारिद्र्याच्या सदरात घातला जातो. तो तसा आहेच. परंतु हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत या मुलांचा पालक कोणास म्हणावे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न उपेक्षित राहिला आहे.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामी राज्यात होता. राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि खेड्यांतून शाळा विरळ. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले, तसतशी तोडणीसाठी माणसांची मागणी वाढली. १९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतरास मोठाच वेग दिला. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. या करारात मुलाला स्थान नाही; तरी ते गाडीवर बसून फडावर जाते, आणि थोडी मोठी मुलगी असली तर धाकट्यांना सांभाळते. अंगणवाडीचे काम तीच करते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यावर दोन उपाय निघाले. पहिला साखरशाळेचा. या शतकाच्या आरंभी औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या परिसरात अशा शाळा चालविल्या. मूल आईबापांजवळ राहते, हा त्यांचा गुण. टोळीचा मुक्काम हलला की पट मोडतो, हा दोष. कर्नाटकात गेलेल्यांपुढे तर भाषेचाही अडसर. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. नाव वसतिगृहाचे असले तरी पुष्कळ ठिकाणी मूल आजीआजोबांकडे झोपते आणि दोन वेळचे जेवण शाळेत घेते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आल्यावर या दुसऱ्या मार्गाकडे कल वाढला. शिक्षणाच्या दृष्टीने तो अधिक श्रेयस्कर ठरतो. मात्र त्यात पालकत्वाचा भार वृद्धांवर पडतो, आणि त्यांची गणना कोठेच होत नाही.

मार्च २०२० मधील टाळेबंदीत हजारो मजूर कारखान्यांच्या परिसरातच अडकले; एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी परतण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी शाळा बंद राहून अभ्यास भ्रमणध्वनीवर आला. घरातील एकुलता संच आईबापांबरोबर फडावर असेल, तर गावातील मुलाला त्याचा उपयोग काय, हे उघड आहे. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत मातांचे गट करून, मुलाकडून घरी काय करून घ्यावे याच्या सूचना भ्रमणध्वनीवर पाठविल्या जाऊ लागल्या. मोहिमेचे मेळावे उन्हाळ्यात, एप्रिल ते जून या काळात येतात. फडावरून परतलेली आई त्या वेळी गावात असते, म्हणून या वर्गाला ते सोयीचे. हा योग हेतुपूर्वक साधलेला दिसत नाही. परंतु दिवाळीनंतर तोच संदेश फडावरील आईस मिळतो आणि मूल असते आजीजवळ. मातांच्या गटात आजीचे नाव घालून, सूचना गावातच तोंडी सांगण्याची तजवीज केल्यावाचून हिवाळ्यातील हे काम सुरू झाले असे म्हणता येत नाही.