हिवाळ्यात फुलणारा गुलाब: मूळ चीनचं, नाव हिंदुस्थानचं



नव्या वर्षाच्या सकाळी पॅसाडेनाची रोझ परेड टीव्हीवर लागते. न्यू जर्सी-मिशिगनवाले दारातला बर्फ उपसून येतात, आणि पडद्यावर पातळ शर्ट घातलेले लोक फुलांनी मढवलेले रथ बघत उभे! हे जळवणं मुद्दाम आहे बरं का. १ जानेवारी १८९० ला तिथल्या व्हॅली हंट क्लबने हा सोहळा पहिल्यांदा भरवला, तोच मुळी पूर्वेकडच्या गारठलेल्या जनतेला "आमच्याकडे बघा, भर हिवाळ्यात बागा फुलल्यात" हे दाखवायला. घरच्या बागेतल्या फुलांनी सजवलेल्या घोडागाड्या आणि मग मैदानी खेळ, एवढंच होतं तेव्हा.

पण यात सगळं श्रेय कॅलिफोर्नियाच्या हवेचं नाही. युरोपचे जुने गुलाब तिथे नेऊन लावले असते तर जानेवारीत एक कळी दिसली नसती. ते गुलाब उन्हाळ्याच्या तोंडाला महिनाभर फुलायचे आणि मग वर्षभर नुसती पानं. शरदात थोडीफार दुसरी फूल देणारा एक दमास्क गुलाब काय तो अपवाद. बारा महिने फुलण्याचा गुण आला तो चीनमधून.

चीनमध्ये या गुलाबाला युएजी किंवा युएयुएहोंग म्हणतात. दुसऱ्या नावाचा अर्थ 'महिन्याच्या महिन्याला लाल'. सोंग राजवटीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, तिथल्या बागांतून तो होता. तो असा का फुलतो हे कळायला मात्र २०१२ साल उजाडलं. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक आहे. वसंत संपला की ते फुलण्याला ब्रेक लावतं. चिनी गुलाबात या जनुकाच्या मध्येच डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे ब्रेकच निकामी! प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला कळी येणारच. थांबवू शकते ती फक्त कडक थंडी. जिथे तशी थंडी नाही, तिथे झाड थांबतच नाही. कुणा चिनी माळ्याच्या नजरेला हे बिघडलेलं झाड पडलं आणि त्याने त्याच्या काड्या लावल्या, बस्स.

आता नावाची गंमत. त्या काळी परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन सोडून कुठे व्यापाराची मुभा नव्हती. तिथेच नदीपलीकडे फा-ती नावाच्या भागात रोपवाटिका होत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे लोक तिथून कुंड्या विकत घेत. कुंड्या जहाजावर चढवल्या की पुढे सहा महिने खारा वारा, गोड्या पाण्याची मारामार. वाटेत कलकत्त्याला कंपनीची बाग होती, तिथे रोपं उतरवून जगवता यायची. त्यामुळे युरोपात पोचेपर्यंत त्यांचा पत्ता बदललेला असायचा. फ्रेंच लोक त्यांना सरळ 'बंगालचा गुलाब' म्हणू लागले. लिनियसने तर १७५३ मध्येच 'रोझा इंडिका' हे नाव देऊन ठेवलं होतं. मेहनत चिनी माळ्याची आणि पाटी आपल्या नावाची, असं फुकटचं श्रेय आपल्याला क्वचितच मिळतं ः-)

इंग्लंडात १७९० च्या दशकात दोन चिनी गुलाब पोचले, एक किरमिजी आणि एक गुलाबी. गुलाबी तो 'ओल्ड ब्लश'. १८०९ आणि १८२४ मध्ये आणखी दोन आले, चहाच्या वासाचे म्हणून 'टी रोझ'. आजचे दुकानातले बहुतेक गुलाब या चौघांचं काही ना काही देणं लागतात.

यातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा धागा साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनचा आहे. तिथे जॉन चँपनीज नावाचा भातशेतीवाला मोठा जमीनदार होता (शेती अर्थातच गुलामांच्या जिवावर). १८०० च्या सुमारास त्याच्या बागेत कस्तुरी गुलाब आणि ओल्ड ब्लश यांचा संकर झाला, झुपक्यांनी फुलणारा. तो त्याच्या ओळखीच्या फिलिप नॉइझेटकडे गेला. फिलिपने त्याच्यापासून नवी रोपं केली, ती पॅरिसला भाऊ लुईकडे पाठवली आणि सगळ्या वंशाला नाव पडलं नॉइझेट. चँपनीज मागे राहिला. पण त्याच्याबद्दल फार हळहळू नका. फिलिप चार्ल्सटनला आला होता तो हैतीहून, सेलेस्तीन नावाच्या कृष्णवर्णीय सहचरीबरोबर. तिच्यापासून त्याला मुलं झाली आणि तिथल्या कायद्याने ती आणि मुलं त्याची मालमत्ता ठरली! त्यांना मोकळं करावं ही इच्छा त्याला मृत्युपत्रात लिहून ठेवावी लागली. १८३५ मध्ये तो गेला. गुलाबांच्या कॅटलॉगात त्याचं आडनाव सापडतं, सेलेस्तीनचं नाव शोधूनही सापडत नाही.

मॉरिशसच्या शेजारचं रेयुनियन बेट, तेव्हाचं बूर्बाँ. तिथेही चिनी आणि दमास्क गुलाबांच्या कुंपणातून असाच एक संकर उगवला आणि १८२० च्या आगेमागे त्याचं बियाणं पॅरिसला गेलं. बेटावर त्याला 'रोझ एदुआर' म्हणत. आपल्याकडे दक्षिणेत कलमाला खुंट म्हणून लावतात तो 'एडवर्ड' गुलाब याच घराण्यातला.

पुढे युरोपात संकरांचा धडाका सुरू झाला. १८६७ चा 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रिड टी मानतात. नव्या जाती थंडी सोसणाऱ्या, लांब दांड्याच्या. मूळचे टी आणि चिनी गुलाब तिथल्या हिवाळ्यात नाजूक, त्यामुळे हळूहळू रोपवाटिकांतून गेले. ते टिकले कुठे, तर उबदार मुलखातल्या दफनभूमीत आणि म्हाताऱ्या बायकांच्या परसात. एकीने काडी तोडून दिली, दुसरीने लावली, जातीचं नाव कुणाला ठाऊक नाही. बर्म्युडात उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातच गुलाब चांगले येतात, आणि तिथल्या गुलाब मंडळाने (स्थापना १९५४) अशा अनामिक झाडांना सरळ 'मिस्टरी रोझ' म्हणून घराची, परगण्याची नावं दिली. टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात 'रोझ रसलर्स' म्हणवणारे हौशी लोक पडक्या घरांच्या आवारातून, घरमालकांना विचारून, काड्या जमवत हिंडले. २०१८ मध्ये गुलाबाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तो कुठल्या नव्या जातीचा नाही, ओल्ड ब्लशचा.

ह्यूस्टन किंवा बे एरियात असाल तर हे झाड जरूर लावा, फार लाड मागत नाही. फक्त छाटणीची वेळ आपली नव्हे. महाराष्ट्रात आपण पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात छाटतो. ह्यूस्टनकडे व्हॅलेंटाइन डेच्या आसपास छाटतात, आणि तेव्हाही झाडावर बहुधा चार फुलं असतातच. ती आधी काढून घरात ठेवा.