संगीताचा तास कोणाचा?

हलगी आणि सनई गावकीने आमच्या पूर्वजांकडून जातीचे काम म्हणून वाजवून घेतली. मान मात्र दिला नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाने 1930च्या दशकात त्याच कलेला चळवळीचे हत्यार केले. वामनदादा कर्डक (1922–2004) मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि हजारो गीते लिहून गेले.

यावर काहीजण म्हणतात, ‘मग शाळेत संगीत कशाला?’ शाळा नाकारली गेली, तरी वामनदादा घडले. हा त्यांचा पराक्रम आहे, नाकारणाऱ्यांची सफाई नव्हे. बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. कोणता विषय कोणी शिकायचा, हे ठरवणे म्हणजेच सत्ता.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देऊ केला. 2015मध्ये राज्य सरकारने त्याची किंमत ठरवली: तासाला 50 रुपये मानधन!

शाळेतला तास बुडाला, तरी फी भरणाऱ्यांची मुले खासगी क्लासला जातील. बुडेल ते मजुराचे मूल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. केडगावच्या पालकांनो, पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आमच्या मुलांचा संगीत शिक्षक कुठे आहे?

जय भीम!