ग्रामसभा

ग्रामसभा : गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्व स्त्री-पुरुषांची सभा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २४३ मध्ये तिची व्याख्या आहे आणि २४३क मध्ये तिला अधिकार देण्याची तरतूद. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा या दोन शब्दांची सर्रास गल्लत होते. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे अख्खे गाव. पंचायतीची मुदत पाच वर्षांनी संपते, ग्रामसभेला मुदत नाही. तिची निवडणूक होत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली आणि यादीत नाव चढले की माणूस तिचा सभासद होतो. आमदार-खासदार निवडताना मतदार आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवतो. ग्रामसभेत तो स्वतः बसून ठरवतो. थेट लोकशाहीला संविधानाने दिलेली हीच काय ती जागा आहे. त्यामुळे लोकशाहीचे बळ आणि तिची दुखणी इथे आडपडद्याशिवाय दिसतात.

पूर्वपीठिका : गावाने एकत्र बसून निवाडा करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत आणि निवाड्याच्या कागदावर, म्हणजे महजरावर, पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या हत्यारांपर्यंत निशाण्या उमटत. या महजरांकडे बोट दाखवून आपल्याकडे लोकशाही आधीपासूनच होती असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. गोतसभा न्याय करी, कायदा करत नसे. तिथली जागा वतनाने ठरे, आणि बायकांना तिथे जागाच नव्हती. गोव्यातील गावकरीचेही तेच : गावची जमीन सामाईक, पण वाटा मूळ गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांचा.

म्हणूनच गावाला राज्यघटनेचा पाया करावे का, या प्रश्नावर संविधान सभेत कडाक्याचा वाद झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले आणि मसुद्याने गावाला नव्हे, व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचा अनुच्छेद (आजचा ४०) मार्गदर्शक तत्त्वांत आला. आंबेडकरांना पंचायतविरोधी ठरवणे मात्र चुकीचे आहे. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही त्यांचा मुद्दा हाच होता, की गावात जो दबलेला आहे त्याला वेगळे संरक्षण दिल्याशिवाय गावाच्या हाती सत्ता देऊ नका. ग्रामसभेचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याच्या उजेडात वाचता येतो.

कायद्याने ग्रामसभा महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमापासून आहे. तिला संविधानाचा आधार मिळाला तो ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून. पण दुरुस्तीने एक मोठी फट ठेवली : ग्रामसभेला कोणते अधिकार द्यायचे हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. आपल्या हातातली सत्ता खाली सोडायला कोणतेही विधिमंडळ आपखुशीने तयार होत नाही. अपवाद आदिवासी भागाचा. १९९६ च्या पेसा कायद्याने (पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा) अनुसूचित क्षेत्रात पाडा-वस्तीची ग्रामसभा मान्य केली. महाराष्ट्रात असे क्षेत्र तेरा जिल्ह्यांत आहे, आणि त्यासाठीचे नियम व्हायला २०१४ साल उजाडले.

कामकाज : महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांभोवती त्या भरवण्याचा प्रघात आहे. नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. अध्यक्षस्थानी सरपंच, इतिवृत्त लिहायला ग्रामसेवक (२०२४ पासून पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी). इतिवृत्ताच्या वहीला गावात सगळे ‘प्रोसिडिंग’ म्हणतात.

सभेचे रूप बहुतेक गावांत सारखेच. शाळेच्या पटांगणात झेंडावंदन उरकते, मुलांना खाऊ वाटला जातो, मग सतरंजी अंथरली जाते. पुढे पुरुष, मागे भिंतीला टेकून चार-दोन बायका, आणि सतरंजीच्या बाहेर, मोटारसायकलींना टेकून, तरुण पोरे. ग्रामसेवक मागील सभेचे इतिवृत्त वाचतो. ते ऐकू कोणालाच येत नाही, पण ‘कायम’ होते. घरकुलाच्या यादीपाशी आवाज चढतात. नळ, रस्ता, गटार, अतिक्रमण यांवर खडाजंगी होते. त्यानंतर येतात ‘आयत्या वेळचे विषय’, आणि खाणीची परवानगी, गायरान, मोठा ठेका अशी खरी वजनदार प्रकरणे नेमकी इथे सरकवली जातात, कारण तोवर निम्मे लोक घरी गेलेले असतात. या सगळ्या वेळात एक वही हातोहात फिरत असते. तिच्यात सह्या होतात, अंगठे उठतात. पुष्कळदा वरची ओळ मोकळी असते. ठराव नंतर लिहिला जातो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. भारतीय लोकशाहीतले सर्वांत घातक कोरे पान कोणते, तर हे.

गणपूर्तीचा नियम या रोगाला खतपाणी घालतो. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी पुरते. म्हणजे सातशे मतदारांच्या वाडीला आणि सहा हजारांच्या गावाला शंभरच माणसे लागतात. मोठ्या गावात ही हजेरी दोन टक्केही भरत नाही. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. याउलट वनहक्क कायद्याचे नियम निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात असे सांगतात. एकाच देशात ग्रामसभा या एकाच नावाच्या संस्थेसाठी दोन मापे आहेत, आणि खरे माप दुसरे आहे.

मेंढा (लेखा) : ग्रामसभा काय करू शकते हे पाहायचे तर गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात जावे लागते. मेंढा हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून येऊन सोबत बसणारे कार्यकर्ते, या जोडीतून इथली रीत घडली. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो, तिथे पुन्हा बोलणे होते, आणि पटेपर्यंत थांबले जाते. त्याआधी अभ्यासगट बसतो : कायदा काय म्हणतो, जंगलात झाडे किती, कापायची किती. अभ्यासगट निर्णय घेत नाही, फक्त माहिती आणतो. हा भेद मेंढ्याने फार काटेकोरपणे पाळला आणि त्याचे श्रेय त्याला पुरेसे मिळालेले नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हाती होता, पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखाते देईना; बांबू हे गवत की झाड यावर वाद घातला गेला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आता परवाना ग्रामसभा फाडते. बांबूच्या मोळीसोबत जाणारा तो कागदाचा कपटा पाहिला की सत्ता या शब्दाचा अर्थ एका क्षणात कळतो. पुढे २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली जमीनही सामूहिक केली.

त्याच वर्षी ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिलच्या निकालानुसार ग्रामसभांना विचारले गेले. बारा गावे निवडली गेली. डोंगराभोवतीची वस्ती त्याहून कितीतरी मोठी असताना बाराच का, हा आक्षेप रास्त होता. बाराही ग्रामसभांनी न्यायिक अधिकाऱ्यासमोर नकार दिला आणि खाण थांबली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची प्रथा घातली : पाऊस किती पडला, त्यावर कोणते पीक घ्यायचे, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. मंत्रालयातून असा आदेश आधी सुटला असता तर तो फायलीत पडून राहिला असता. गावाने आपणहून म्हटले म्हणून त्याला वजन आले.

उघडा हात, झाकलेले मत : ग्रामसभेचे बळ समोरासमोर बसण्यात आहे, तिचे मोठे दुखणेही तिथेच आहे. मेंढ्यात सगळे साधारण एका पातळीवरचे, म्हणून एक माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. ज्या गावात एकाच्या शेतावर दुसऱ्याची रोजी आहे, तिथे हात वर करणे म्हणजे उद्याचे काम पणाला लावणे. सर्वानुमते या शब्दात किती जणांचे गप्प बसणे मिसळले आहे हे इतिवृत्त सांगत नाही. ही गोष्ट आपल्यापुरती नाही. स्वित्झर्लंडच्या आपेन्त्सेल इनरऱ्होडन कँटनमध्ये चौकात जमून हात वर करत कायदे होतात. तिथल्या पुरुषांच्या सभेने १९९० सालीही स्त्रियांना मताधिकार नाकारला, आणि त्याच वर्षी न्यायालयाला तो द्यावा लागला. जमलेल्यांचा कौल नेहमीच न्यायाचा असतो असे नाही.

महाराष्ट्राने या पेचावर एक देशी तोड काढली : ‘आडवी बाटली’. गावातील दारूचे दुकान बंद करायचे असेल तर महिला मागणी करतात आणि गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. वाचता न येणाऱ्या बाईलाही चूक होत नाही. नवरा, सासरा, दुकानदार यांपैकी कोणालाही कळत नाही की हिने शिक्का कुठे मारला. जे ती सतरंजीवर बोलू शकत नव्हती ते ती पडद्याआड बोलते. पण इथेही पाचर आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. लग्न होऊन गेलेली लेक, वारलेली आजी, ऊसतोडीला गेलेली सून, यांची नावे यादीत असतात आणि मोजणीत ती सगळी उभ्या बाटलीच्या पदरात पडतात. आमदाराला निवडून यायला अशी अट नाही. बायकांनाच ती का, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

विकृती : एकमताचा हव्यास हा ग्रामसभेला लागलेला दुसरा रोग. बिनविरोध निवडणुकीचे कौतुक इतके वाढले की देवळासाठी देणगीच्या नावाखाली पदांचे लिलाव झाले. देवळा तालुक्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती. गाव एक झाले होते, पण ते विकायला. गाव एक होऊन माणसाला वाळीतही टाकते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

गाव एक होण्याची चांगली बाजूही आहे. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते आणि चाकरमानीही येतात. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध २००६-०७ मध्ये लोक पेटले तेव्हा ग्रामसभा हे त्यांचे एक व्यासपीठ होते, आणि सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. सभेचा वार बदलला तरी पुष्कळ काही बदलते.

मूल्यमापन : राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, त्यांतील अनेक गट-ग्रामपंचायती, म्हणजे तीन-चार वाड्यांची एक सभा, तीही दूरच्या गावात. इतक्या मोठ्या जमावात कोणी कोणाला ऐकत नाही. पाडा, टोला, वाडी या पातळीची ग्रामसभा केवळ अनुसूचित क्षेत्रापुरती ठेवण्याला आता काही कारण उरलेले नाही. निम्म्या हजेरीची अट आणि नाजूक विषयांवर गुप्त मतदान सर्वत्र लागू करणेही तितकेच गरजेचे आहे. हे विधिमंडळाच्या हातात आहे.

वाचकाच्या हातात आहे ते एवढे : ज्या गावच्या यादीत आपले नाव आहे तिथल्या पुढच्या सभेची नोटीस फळ्यावर लागली की जावे, आयत्या वेळचे विषय संपेपर्यंत बसावे, आणि वही हातात आल्यावर सहीच्या वरचा मजकूर लिहून झाला आहे की नाही ते पाहूनच सही करावी.