बागलाणचा अखेरचा राजा

गिरणेच्या खोऱ्यातील कळवण ज्या बागलाण मुलखात मोडे, त्यावर मुल्हेरच्या बागुल राजांचा अंमल होता. त्यांपैकी नारायणशाह या राजाच्या आश्रयास असलेल्या रुद्रकवीने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंश' हे वीस सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचून मयूरगिरीच्या, म्हणजे मुल्हेरच्या, या राजकुळाची वंशावळी जतन केली, ही त्याची थोर कामगिरी होय. दख्खन व गुजरात यांना जोडणाऱ्या घाटवाटा आणि साल्हेर-मुल्हेरसारखे दुर्गम किल्ले हाती असल्यामुळे बलाढ्य सुलतानांच्या शेजारातही टिकलेले हे राज्य १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेरला वेढा घातल्यावर संपले. अखेरचा राजा बहिर्जी याने किल्ला स्वाधीन केला आणि पिढीजात राज्याच्या बदल्यात त्याच्या वाट्याला सुलतानपूरचा परगणा आला.