ऐकण्यासाठी बांधलेली घरे : सेकंड लाइफमधील घरगुती संगीतप्रक्षेपणाचा इतिहास

सेकंड लाइफ हे त्रिमितीय आभासी जग सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केले आणि पुढील काही वर्षांत तेथील रहिवाशांनी स्वतःच्या हिमतीवर जे उद्योग उभे केले, त्यांत घरच्या संगणकावरून संगीत ऐकवणाऱ्या डीजेंचा उद्योग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. या जगात वावरणाऱ्या माणसाच्या चित्ररूप प्रतिनिधीला ‘अवतार’ म्हणतात. संस्कृतातला हा शब्द १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘हॅबिटॅट’ या अमेरिकी संगणकीय खेळात याच अर्थाने वापरला गेला होता. सेकंड लाइफमधील जमीन २५६ मीटर लांब आणि तितक्याच रुंद प्रदेशांत विभागलेली असे, प्रदेशाचे पुढे भूखंड पडत, आणि प्रत्येक भूखंडाच्या नोंदीत संगीताच्या पत्त्यासाठी एक रकाना राखलेला असे. मालकाने त्यात एखाद्या ध्वनिप्रवाहाचा पत्ता भरला की त्या जमिनीवर आलेल्यांना तो ऐकता येई आणि भूखंडाची हद्द ओलांडताच गाणे ओळीच्या मध्येच तुटे.

या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वरवर पाहता दिसत नसे. संगीत लिंडेन लॅबच्या यंत्रणेतून वाहतच नव्हते. कंपनीचा सर्व्हर, म्हणजे मागणी येताच माहिती पुरवणारा संगणक, फक्त तो पत्ता श्रोत्याच्या संगणकाकडे सोपवी आणि श्रोत्याचा संगणक त्या पत्त्यावर स्वतः जाऊन ध्वनी आणी. त्यामुळे ज्याच्या घरी संगणक आणि इंटरनेटची जोडणी होती त्याला कोणाची परवानगी न घेता नभोवाणी केंद्र काढता येत होते. पण गाणे बंद पडले तर त्याचे कारण कंपनीकडे नव्हे, तर स्वतःच्या घरात, घरातल्या तारेत किंवा घराबाहेरच्या खांबापर्यंत शोधावे लागत होते. हा शोध कसा घेतला जात असे, हाच या उद्योगाच्या इतिहासाचा गाभा आहे.

इंटरनेटवरून ध्वनी पाठवण्याचे प्रयोग त्याआधी दशकभर चालू होते. ‘एमबोन’ या १९९२ पासूनच्या प्रायोगिक जाळ्यात मल्टिकास्ट नावाची पद्धत होती, म्हणजे प्रक्षेपक एकच प्रत सोडी आणि श्रोते जेथे विभागले जात तेथे जाळे स्वतः तिच्या प्रती काढी. १९९४ च्या नोव्हेंबरात रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचा काही भाग या मार्गाने प्रक्षेपित झाला. मात्र ही सोय घरोघरच्या जोडण्यांपर्यंत पोहोचली नाही आणि तिच्या जागी प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रत पाठवण्याची पद्धत रूढ झाली. १९९५ मध्ये इंटरनेटवरून ध्वनी ऐकवणारे रिअलऑडिओ आले, १९९७ मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह यांचे संगणकावर गाणी वाजवणारे विनअँप आले, आणि १९९८-९९ च्या सुमारास फ्रँकेल यांच्याच नलसॉफ्ट या कंपनीने शाउटकास्ट हा सर्व्हर लोकांच्या हाती दिला. त्याच सुमारास आइसकास्ट हा त्याला समांतर असा मुक्त सर्व्हरही तयार झाला. घरच्या संगणकावर एमपी३ वाजवणे आणि तेच जगाला ऐकवणे या दोन कृतींमधले अंतर शाउटकास्टने जवळजवळ पुसून टाकले.

एमपी३ या ध्वनिसंक्षेपाच्या पद्धतीविषयी येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही पद्धत घडवणाऱ्यांपैकी जर्मन अभियंते कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी, संक्षेपात मानवी आवाज कितपत शाबूत राहतो हे पारखण्यासाठी, सुझॅन व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यसाथीविना गायलेले गाणे पुन्हापुन्हा वापरले होते; तो आवाज नीट उमटेपर्यंत त्यांनी पद्धतीत सुधारणा केल्या. त्याच व्हेगा ऑगस्ट २००६ मध्ये अवताररूपाने सेकंड लाइफमध्ये गायल्या, तेव्हा तेथील भूखंडांवर प्रामुख्याने एमपी३ प्रवाहच वाहत होते. ज्या आवाजाने ती पद्धत कसाला लावली, तोच आवाज त्या पद्धतीच्या नव्या रंगमंचावर उभा राहावा, हा योग या इतिहासात फार मोलाचा आहे.

घरगुती प्रक्षेपणाची मांडणी साधी होती. विनअँपमध्ये गाणे वाजे, त्याला जोडलेला एक छोटा पूरक प्रोग्रॅम ते गाणे ठरावीक वेगाच्या एमपी३ प्रवाहात बदले आणि त्याच संगणकावर चालणाऱ्या शाउटकास्ट सर्व्हरकडे सोपवी. सर्व्हरच्या मांडणीची माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलीत असे आणि त्यातल्या तीन ओळींवर सारा संसार चाले : किती श्रोते घ्यायचे, परवलीचा शब्द कोणता, आणि पोर्ट कोणते. पोर्ट म्हणजे एकाच संगणकावरच्या निरनिराळ्या कामांना दिलेले क्रमांक. फाइलीत मुळात ८००० हे पोर्ट लिहिलेले असे; श्रोते ८००० वर येत आणि गाणे पुरवणारा प्रोग्रॅम त्याच्या पुढच्या, म्हणजे ८००१ या पोर्टवर जोडला जाई. डीजे आणि सर्व्हर एकाच संगणकावर असेपर्यंत हा भेद कोणाच्या ध्यानात येत नसे. दुसऱ्या गावचा पाहुणा डीजे आपल्या घरून जोडू लागला आणि त्याला नकार मिळाला, की ८००१ ची आठवण होई.

सर्वांत जास्त गोंधळ घडवणारा दोष मात्र पत्त्याचा होता. इंटरनेटवरील पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी एवढीच असल्याने ते पुरवून वापरण्याची गरज १९९० च्या दशकातच भासू लागली आणि मे १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची पद्धत मांडली गेली. तिच्यानुसार घराला बाहेरच्या जगासाठी एकच सार्वजनिक पत्ता मिळतो, आतल्या संगणकांना सहसा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते दिले जातात आणि राउटर हे दोहोंची सांगड घालणारे उपकरण दाराशी बसते. आतून बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर कोणाला द्यायचे हे राउटरला ठाऊक असते. पण बाहेरून आपणहून आलेली मागणी कोणासाठी आहे हे त्याला कळत नाही. चाळीचे नाव आहे पण खोलीचा क्रमांक नाही असे पत्र जसे जिन्याखाली पडून राहते, तशी ती मागणी दारातच विरते. ८००० या पोर्टवर आलेले सारे अमुक संगणकाकडे पाठवावे, अशी सूचना राउटरला आधी देऊन ठेवावी लागते आणि तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

आता होई असे, की नवा डीजे भूखंडाच्या रकान्यात आपल्या संगणकाचा खासगी पत्ता भरी. त्याला गाणे स्वच्छ ऐकू येई, कारण त्याचा संगणक घराच्या आतच होता. जमलेले पाहुणे मात्र स्तब्ध असत आणि काहीच ऐकू येत नसल्याचे लिहून कळवत. त्यांच्यापैकी प्रत्येकाचा संगणक तो पत्ता स्वतःच्याच घरात शोधत होता. चूक ध्यानात आल्यावर डीजे सार्वजनिक पत्ता भरी, पोर्ट फॉरवर्डिंग करी, आणि मग उलटाच प्रकार घडे : पाहुणे नाचू लागत आणि डीजेच्या कानी मात्र शांतता. कित्येक घरगुती राउटरांना आतून निघून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर परत येणारी मागणी वळवता येत नसे. त्यामुळे सारे काही बरोबर असताना ते बिघडले आहे असे समजून केलेली मांडणी पुन्हा मोडली जाई. घरात ऐकू येणे हा बाहेर ऐकू येण्याचा पुरावा नाही आणि घरात ऐकू न येणे हा बाहेरच्या शांततेचा पुरावा नाही, ही समज या लोकांनी अनेक रात्री खर्चून मिळवली. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सर्वसामान्य माणसाला जाळ्याची रचना इतक्या प्रत्यक्षपणे शिकवली नसेल.

याच काळात आणखी एक पहारेकरी वाढला. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची दुसरी मोठी सुधारणा दिली, तिने संगणकावरची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवणारी भिंत, आपोआप चालू केली. सर्व्हर प्रथमच सुरू करताना एक चौकट पुढे येई. तिथे घाईने अडवण्याचे बटण दाबले गेले तर राउटरची सूचना अचूक असूनही मागणी शेवटच्या दारावर परत फिरे. शिवाय बहुतेक घरांचा सार्वजनिक पत्ता कायमचा नसे. राउटर बंद करून चालू केला की तो बदले आणि भूखंडाच्या नोंदीत कालचा पत्ता तसाच राही. बदलत्या पत्त्याला स्थिर नाव देणाऱ्या सेवांनी या दुखण्यावर उपाय दिला.

एवढे सारे जुळल्यावर जो अडथळा उरे त्याचे मूळ तांब्याच्या तारेत होते. टेलिफोनच्या तारेवरून वेगवान जोडणी देणाऱ्या एडीएसएल या पद्धतीत घराकडे येणारा वेग मोठा आणि घरातून जाणारा वेग लहान ठेवलेला असतो. बेलकोअर या संशोधनसंस्थेतील जोसेफ लेचलायडर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे दाखवून दिले होते, की एकाच जाड केबलमध्ये शेजारीशेजारी धावणाऱ्या तारांचे संकेत एकमेकांत मिसळून जो गोंगाट होतो, तो दोन्ही दिशांचा वेग सारखा न ठेवल्यास पुष्कळ कमी होतो आणि येणारा वेग वाढवता येतो. त्या वेळी डोळ्यांसमोर होती ती मागणीनुसार चित्रपट घरी पाठवण्याची कल्पना. म्हणून तारेवरच्या कंपनसंख्यांपैकी सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्झ एवढाच अरुंद पट्टा घराच्या बोलण्यासाठी राखला गेला आणि तेथून ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा ऐकण्यासाठी. घर हे घेणारे आहे, देणारे नाही, हे गृहीतक अशा रीतीने तारेतच विणले गेले होते.

डीजेला त्याची झळ हिशोबातून बसे. चांगल्या एमपी३ प्रवाहाचा वेग सेकंदाला १२८ किलोबिट. जाणारा वेग २५६ किलोबिट असलेल्या घरातून कागदोपत्रीसुद्धा दोनच श्रोते सांभाळले जात, आणि वीस श्रोत्यांसाठी २५६० किलोबिट लागत. (भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात येणाऱ्या वेगाची किमान मर्यादाच २५६ किलोबिट ठरवलेली होती, हे ध्यानात घेता पुण्या-मुंबईतल्या घरातून त्या काळी असा उद्योग करणे किती कठीण होते याचा अंदाज येतो.) या दोषाचे लक्षण फसवे असे. पहिले दोन श्रोते असताना गाणे निर्मळ चाले. तिसरा आला की नेमके त्यालाच नव्हे, तर सर्वांनाच खंड पडू लागे, कारण तीनही प्रती एकाच अरुंद वाटेने निघत. मैफल रंगात येऊन गर्दी वाढली की नेमके तेव्हाच संगीत तुटे. यावर प्रवाहाचा वेग ३२ किंवा २४ किलोबिटपर्यंत उतरवून एकाच वाहिनीचा ध्वनी पाठवणे हा एक मार्ग होता. त्यात झांजा आणि तंतुवाद्यांचे तीव्र स्वर पाण्याखालून आल्यासारखे घोगरे होत, आणि संगीतावर जीव असणाऱ्याला ते सोसणे अवघड जाई.

विलंबाचा प्रश्न निराळा होता. प्रवाह खंडित होऊ नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोडा ध्वनी साठवून ठेवला जातो आणि या साठ्यांमुळे डीजेने उच्चारलेला शब्द श्रोत्यापर्यंत जायला कित्येक सेकंद, कधी अर्धे मिनिटही लागे, तर लिहिलेला संदेश क्षणात पोहोचे. सेकंड लाइफमध्ये बोलण्याची अंगभूत सोय २००७ मध्ये आली, तोवर प्रत्यक्ष गाणाऱ्यालाही याच प्रवाहाचा आधार होता. गाणे संपवून तो पुढचे सुरू करी तेव्हा कोठे मागच्या गाण्याची दाद पडद्यावर उमटू लागे. ज्याने विनअँपऐवजी साउंड कार्डातून, म्हणजे संगणकातून निघणारा एकूण सारा आवाज उचलून, पाठवण्याची मांडणी केली असे, त्याने आपल्याच भूखंडाचे संगीत चालू ठेवले तर काही सेकंदांपूर्वीचे गाणे पुन्हा प्रवाहात शिरे, ते फिरून पुन्हा येई, आणि थोड्याच वेळात एकाच गाण्याचे अनेक थर एकमेकांवर चढून कल्लोळ माजे. डीजेने स्वतःच्या भूखंडावर बहिरे राहावे, हा नियम त्यामुळे पडला.

दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्याचे उत्तम साधन शाउटकास्टने स्वतःच दिले होते. त्याच पत्त्यावर साध्या ब्राउझरने गेले असता सर्व्हर गाण्याऐवजी एक स्थितिपत्रक दाखवी. पत्रक मुळीच उघडले नाही तर दोष राउटर, फायरवॉल किंवा पत्ता यांपैकी कशात तरी. पत्रक उघडून प्रवाह बंद असल्याचे दिसले तर सर्व्हर ठीक आणि विनअँपकडून येणारी जोडणी तुटलेली. प्रवाह चालू आणि श्रोत्यांची संख्याही हलती, तरीही कोणी एकजण शांततेची तक्रार करतो आहे, तर बहुधा त्याने आपल्या खिडकीत संगीताचे बटणच दाबलेले नाही. मात्र हे पत्रक घराबाहेरच्या कोणीतरी उघडून पाहणे आवश्यक होते, आणि म्हणून प्रत्येक डीजेला दुसऱ्या गावी राहणारा, वेळी-अवेळी पत्ता तपासून देणारा एक मित्र लागे. या तपासणाऱ्या मित्रांची नोंद कोठेही नाही. प्रत्यक्षात हा उद्योग त्यांच्या कानांवर उभा होता.

पुढे बहुतेकांनी भाड्याच्या सर्व्हरचा आश्रय घेतला. घरातून एकच प्रत १२८ किलोबिटने मोठ्या जोडणीवरच्या सर्व्हरकडे जाई आणि तो हव्या तितक्या प्रती काढी. हे भाडे सेकंड लाइफच्या आत लिंडेन डॉलर या तेथील चलनातही भरता येई. पत्ता, पोर्ट आणि वेग या तिन्ही अडचणी एका फटक्यात दूर झाल्या, पण आपल्या घरातून थेट जगाला ऐकवण्याचा मूळ आनंदही त्याबरोबर ओसरला. ज्यांनी तो सोडला नाही त्यांच्यापुढे २०१० च्या दशकात नवीच भिंत उभी राहिली. सार्वजनिक पत्त्यांचे शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले आणि पुढील वर्षी, सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवावे, यासाठी १००.६४ पासून सुरू होणाऱ्या पत्त्यांचा स्वतंत्र गट राखला गेला. अशा घराच्या राउटरपलीकडे आणखी एक राउटर असतो आणि त्याच्या किल्ल्या कंपनीकडे असतात. महाराष्ट्रातल्या अनेक घरगुती जोडण्यांचीही आज हीच स्थिती आहे. तेथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बिनचूक केले तरी मागणी घरापर्यंत येत नाही. म्हणून आता तपासणीची सुरुवात दोन आकडे शेजारी ठेवून करावी लागते : राउटर आपला बाहेरचा म्हणून जो पत्ता दाखवतो तो, आणि बाहेरच्या जगाला त्या घराचा जो पत्ता दिसतो तो. ते दोन जुळले नाहीत, तर पुढची एकही ओळ तपासण्याचे कारण उरत नाही.