काजवा महोत्सवात ब्रेस्ट पंपाचा स्टॉल लावावा का?

गेल्या वेळी आपण भंडारदऱ्याच्या धरणाची गोष्ट ऐकली. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण, गव्हर्नर विल्सनचं नाव, वगैरे. आजची गोष्ट त्याच गावातली आहे, पण माझ्या घरातली. आणि हो, विषय ऐकून इअरफोन काढू नका, विशेषतः मुलग्यांनी.

तर झालं असं की, दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईचं बाळ आठव्या महिन्यातच आलं. भंडारदऱ्याहून नाशिक सत्तरेक किलोमीटर. तिथं बाळाला काचेत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आईचंच दूध हवं. पण बाळाला ओढायची ताकद नव्हती आणि वॉर्डात पंप एकच, त्यालाही रांग. शेवटी एका मेडिकलवाल्याने भाड्याने मशीन मिळवून दिलं. दर तीन तासांनी ताई दूध काढायची आणि मी ती छोटी डबी घेऊन जिना चढायचो. बाळ वाचलं. आता ते घरभर पळतं.

माझं डोकं इंजिनिअरचं. घरी आल्यावर लगेच एक्सेल शीट उघडली. इतके पंप, इतकं डिपॉझिट, क्यूआर कोड. मार्केटिंगही ठरवून टाकलं: मे-जूनमध्ये काजवा महोत्सवात स्टॉल, नवरात्रात कळसूबाईच्या यात्रेत बॅनर, राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात पत्रकं. आणि सगळ्यात भारी आयडिया म्हणजे 'सुदृढ बालक स्पर्धा', बक्षीस आमच्यातर्फे!

माझी आत्या अंगणवाडी सेविका आहे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "स्पर्धा घेऊ नकोस रे बाळा. ते दूध पावडरवाल्यांचं काम." मला राग आला. मग वाचायला बसलो, आणि आत्या बरोबर निघाली.

'ग्लॅक्सो बेबी' हा शब्द तुमच्या आजीच्या तोंडून ऐकलाय? गुबगुबीत, बाळसेदार पोराला म्हणतात. हे एका कंपनीचं नाव आहे. ग्लॅक्सो म्हणजे मुळात न्यूझीलंडमधली दूध पावडर. १९२० च्या दशकात ती मुंबईत आली. डब्यावर गोंडस बाळ, जाहिरातीत गोंडस बाळ. त्याच सुमारास, १९२४ साली, व्हाइसरॉय रीडिंग यांच्या पत्नीच्या पुढाकाराने देशभर 'बेबी वीक' सुरू झाला. त्यात आरोग्याची प्रदर्शनं असायची आणि बाळांच्या स्पर्धाही. हेतू चांगला होता, पोरं फार मरत होती. पण जाड बाळ म्हणजे निरोगी बाळ हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि ते डबा विकणाऱ्यांच्या फायद्याचं होतं. एका ब्रँडचं नाव मराठी बोलीत जाऊन बसलं, यापेक्षा मोठं मार्केटिंग कुठलं?

पुढे हे प्रकरण जगभर वाढलं. आफ्रिका-आशियात कंपन्यांनी नर्ससारखे कपडे घालून बायका प्रसूतिगृहात पाठवल्या. फुकट डबा द्यायचा. तो संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असायचं. मग विकतची पावडर, तीही पैसे वाचवायला पातळ करून, अशुद्ध पाण्यात. १९७४ मध्ये ब्रिटनच्या 'वॉर ऑन वॉन्ट' संस्थेने यावर पुस्तिका काढली, १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा मार्केटिंगविरुद्ध संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मतं, विरोधात एक, अमेरिकेचं. भारताने १९९२ मध्ये कायदाच केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दूध पावडर आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी नाहीत. कंपन्यांनी ज्यांना पैसे द्यायचे नाहीत त्या गोष्टींच्या यादीत सेमिनार आहे, परिषद आहे आणि चक्क 'स्पर्धा' हा शब्दही आहे! आत्याला कलम माहीत नव्हतं, पण ट्रेनिंगमधलं नेमकं तेच लक्षात राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पंप थोडाच पावडर आहे? बरोबर. कायद्यात पंपाचं नाव नाही. पण बाटली आणि तिचं बूच, म्हणजे निपल, आहे. माझ्या बॅनरच्या डिझाइनमध्ये पंपाशेजारी मोठी बाटली होती. ती आधी काढली.

पंपाचा इतिहासही मजेशीर आहे. १९२० च्या दशकात शिकागोत एडवर्ड लास्कर नावाच्या इंजिनिअरने विजेचा पंप बनवला. हा माणूस नावाजलेला बुद्धिबळपटू होता! बाळं अपुऱ्या दिवसांची होती, तिथल्या बालरोगतज्ज्ञांना दूध हवं होतं. १९५६ मध्ये स्वीडनच्या आइनार एग्नेलने जास्त सौम्य पंप आणला. ही यंत्रं मोठी आणि महाग, म्हणून ती हॉस्पिटलात राहिली किंवा भाड्याने फिरली. म्हणजे भाडं हा स्टार्टअपवाल्यांचा शोध नाही, या मशीनचा जुनाच संसार आहे. नियमही तोच: मोटर भाड्याची, पण दूध जिथं लागतं ते कप, नळी, झडप प्रत्येक आईचं स्वतःचं, नवं. आणि दूध मोटरमध्ये शिरणार नाही अशीच मशीन भाड्याने द्यायची.

आपल्याकडची मोठी गोष्ट सायनची. लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. वॉर्डातली नवजात बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. त्यांनी वरचं दूध बंद केलं, आयांना बाळाजवळ आणलं. बॅनर नाही, बक्षीस नाही. एका आईने दुसरीला सांगितलं, एवढीच काय ती जाहिरात.

हे सगळं वाचल्यावर माझी शीट पुन्हा उघडली आणि स्वतःला विचारलं: राजूरच्या प्रदर्शनात येणाऱ्या बाईला पंप लागतो का? आमच्याकडची आई बाळ पाठीशी बांधून आवणीला जाते. बाळ निरोगी आहे, जवळ आहे, ओढतंय. तिला मी पंप विकला, तर मीही नवा डबेवालाच. शिवाय पावसाळ्यात वीज जाते. धरणावर वीज बनते, पण गावात अंधार! पंप लागतो तो काचेतल्या बाळाच्या आईला आणि रजा संपून ड्यूटीवर निघालेल्या नर्सला, शिक्षिकेला.

मग आम्ही केलं काय? गावात पोषण दिनाला आत्या हाताने दूध कसं काढायचं आणि वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते दाखवते. पूर्वीच्या बायका बोंडल्याने पाजायच्याच की. पंपाचं नाव ती शेवटी, फक्त गरज असेल तरच काढते. हॉस्पिटलमधून कुणी कमिशनचं विचारलं, तर आम्ही हात जोडतो.

आणि काजवा महोत्सवात स्टॉल लावला नाही, खोली केली. चार बांबू, जाड पडदा, एक खुर्ची, हात धुवायला पाणी, बाहेर पाटी: हिरकणी कक्ष. दूध विकायला रायगडावर गेलेली हिरकणी तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरली, ही आख्यायिका आपण शाळेत ऐकली. आजही प्रश्न तोच. आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनात गेल्या, आणि २०२३ मध्ये मुंबईत विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ पाहून तिथंच बोलल्या. विधानभवनात ही गत, तर जंगलातल्या पार्किंगमध्ये काय असणार?

पहिल्या रात्री पुण्याची एक ताई आत गेली. तिचा नवरा बाहेर काजवे सोडून मोबाईल बघत उभा होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दोन तास जागा शोधत होते हो." तिने पंपाबद्दल काही विचारलं नाही. तिच्या मैत्रिणीने मात्र पुढच्या महिन्यात फोन केला, बाळ काचेत होतं.

धंदा अजून लहान आहे, नोकरी सोडलेली नाही. शीटमध्ये 'मार्केटिंग' नावाचा कॉलम होता, त्यात आता खुर्ची, पडदा आणि पाणी एवढंच लिहिलंय. तुमच्या गावच्या यात्रेत अशी एक खुर्ची आहे का, तेवढं बघा आणि मला कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.